कार्ट्रिज कापताना

पिसुर्ल्याची औद्योगिक वसाहत, मागची शेड, मे महिना.
पाळी सुटायला चाळीस मिनिटं असताना
मी वापरलेलं कार्ट्रिज शिकंज्यात धरतो
आणि दामो माजीक करवत चालवतो,
फणस कापावा तशी,
फक्त हाताला तेल न लावता.

सकाळी पर्चेसवरून फोन आला होता:
पंधरवड्याला चोवीस नग जातात कुठे?
टेबलावर तीन कोटेशनं. सगळ्यांत स्वस्त ठाण्याच्या पार्टीचं,
दोरा गुंडाळलेलं, समोर लिहिलंय 'पाच मायक्रॉन'.
नाममात्र की निरपेक्ष, ते कुठेच नाही.
विचारलं तर त्यांचा माणूस हसला,
साहेब, पाच म्हणजे पाच.

पाच म्हणजे पाच नसतं.
नाममात्र पाच म्हणजे लग्नमंडपाच्या दारातला मामा:
बऱ्याच जणांना ओळखतो,
उरलेल्यांना ओळखल्यासारखं करून
जेवायला आत सोडतो.
निरपेक्ष पाच म्हणजे आमचा जुना वॉचमन इनास बाब,
मालकाच्या मुलाकडे ज्याने पास मागितला होता
आणि पास घरी राहिला म्हटल्यावर
स्टूल पुढे केलं होतं.

प्रत्येक दारात इनास बाब परवडत नाही.
कुलिंग टॉवरला काय, तो गढूळ पेजही पितो.
आरओचा पडदा मात्र कणाकणाने रुसतो,
आणि गरम कंडेन्सेटच्या ओळीवर तर
माझ्या आधीच्या साहेबाने साधं पॉलिप्रॉपिलीन बसवलं होतं.
आठवड्याने घर उघडलं तेव्हा ते
शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं निघालं,
अर्धं हातात, अर्धं तळाशी.
त्या साहेबांचं नाव अजून त्या ओळीला आहे.
पाइपावर लिहिलेलं नाही, पण आहे.

करवत आरपार गेली.
दामोने चकती उजेडात धरली.
बाहेर दोन मिलिमीटर लाल, गच्च, चिरेखाणीसारखं.
त्याच्या आत गाभ्यापर्यंत
शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं,
पाण्याने कधी नीट शिवलेलंच नाही.

म्हणजे कार्ट्रिज वाईट नव्हतं.
टँकरचं पाणी, चार विहिरींचं, तळ गाठलेलं,
आणि आम्ही त्याच्यासमोर एकट्याला उभं केलं.
सहाव्या दिवशी काटा दीड बारवर,
मग आम्हीच म्हणायचं, माल टिकत नाही.

दामोने अंगठ्याने लाल खरवडलं. वास घेतला.
'ही वरच्या खाणीची,' म्हणाला.
खाण बंद पडून किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
त्याचा बापूय तिथे टिपर चालवायचा.
शर्ट दगडावर घासघासून आईच्या बोटांच्या चिरा लाल झाल्या,
शर्ट काही पांढरा झाला नाही.
खाण गेली, टिपर विकला,
बापूय ओसरीवर बसून खोकतो.
त्याच्या छातीच्या अलीकडे
काय बसवायला हवं होतं, किती मायक्रॉनचं,
हे दामोने विचारलं नाही.
मला उत्तर ठाऊक आहे
असं त्याला वाटू नये म्हणून
मी गेजकडे बघत राहिलो.

इंडेंट लिहिलं.
आधीच्या घरात पंचवीस, जाड अंगाचं, माती पोटात घेणारं.
मागे निरपेक्ष पाच, घडीचं, तीस इंची.
ओ-रिंग ईपीडीएमची, काळजीने बसवायची,
कारण ती दुमडली की बाकी सगळं लिहिलेलं खोटं.
शेवटचा रकाना: कारण.
दीड बोट जागा.
मी लिहिलं, 'सध्याची निवड चुकीची, सोबत नमुना जोडला आहे.'

नमुना जोडायला गेलो तर चकती टेबलावर नाही.
दामो डब्याच्या पिशवीला गाठ मारत होता.
'दुसरी कापून देतो,' म्हणाला,
'ही आईला दाखवतो. तिला वाटतं
तिलाच धुता येत नव्हतं.'

फाटकावर टँकरने हॉर्न दिला.
करवतीच्या दातांत लाल अडकलं होतं.
आम्ही दुसरं कार्ट्रिज शिकंज्यात धरलं.